मी लिहितो, सासूबाई टाइप करतात

२ ऑक्टोबर १९८३, रविवार

आजपासून दैनंदिनी. माझ्या न्यूयॉर्कच्या संपादक रोझलिन फोनवर म्हणाल्या की लेखकानं रोजचं काहीतरी टिपून ठेवावं. त्या सहज बोलल्या, पण मी त्यातला अर्थ ओळखला. पुढेमागे कोणाला माझं चरित्र लिहायचं झालं, तर त्या बिचाऱ्याच्या हाताशी काही साधन हवं.

तर त्याच्या सोयीसाठी: नाव लेलंड कांगस. वय चव्वेचाळीस. मुक्काम हॅनकॉक, मिशिगन. धंदा, लोकांच्या तळघरातल्या, घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करणं. आमच्याकडे सहा-सात महिने बर्फ असतो, त्यामुळे भट्टीवाल्याला डॉक्टरपेक्षा चार लोक जास्त ओळखतात. बायको मार्लीन शाळेची बस चालवते. मुलगी लग्न होऊन मिलवॉकीला असते. आणि गेल्या ऑगस्टपासून मी भयकादंबरीकार आहे. पुस्तकाचं नाव ‘तळघरातला पाहुणा’. मुखपृष्ठावर एक हिरवा हात आहे. कादंबरीत हिरवा हात कुठेच नाही. रोझलिन म्हणाल्या, हात असला की खपतं.

लेखनपद्धती: दोन कामांच्या मधल्या वेळात, गाडीत बसून, पिवळ्या वहीत, पेन्सिलनं. अक्षर असं की माझं मलाच लागत नाही. ते लागतं एकट्या सासूबाईंना. त्यांचं नाव आयली पेल्कोनेन, पण फिनिश घरात आजीला मुम्मू म्हणतात आणि आमचं अर्धं गाव फिनिश, म्हणून सगळेच त्यांना मुम्मू म्हणतात. मीसुद्धा. एकाहत्तर वर्षांच्या आहेत, दोन गल्ल्या सोडून राहतात, एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत्या. माझ्या वह्या त्या टाइप करून देतात. मुद्रितं तपासायला आली तेव्हा ऐन थंडीत मला मान वर करायला फुरसत नव्हती, तीही त्यांनीच पाहिली.

भयकथा मात्र त्यांना अजिबात आवडत नाहीत. मागे एकदा म्हणाल्या, “लेलंड, एका माणसात एवढं रक्त कुठून येतं रे?”

“मुम्मू, वाचकांना लागतं.”

“लागत असेल. पण मग पुसतं कोण?”

साहित्याची जाण प्रत्येकाला असतेच असं नाही.

११ ऑक्टोबर, मंगळवार

आज ओयाला बाईंच्या तळघरात काम होतं. एरवी त्या वर स्वयंपाकघरात बसून असतात. आज जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि तिथूनच म्हणाल्या, “तुमचं पुस्तक वाचलं. ते साखरेचं वाचल्यापासून मी खाली एकटी उतरत नाही.”

साखरेचं म्हणजे नववं प्रकरण. हॅटी नावाची विधवा स्वयंपाकघरात बसली आहे. महिन्यापूर्वी पुरलेल्या नवऱ्याची पावलं तळघराच्या जिन्यावर वाजतात. दार उघडतं. ती मागे वळून बघत नाही. उठते, दुसरा कप काढते, कॉफी ओतते आणि विचारते, “साखर किती घेता?”

तीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला, त्याला ती विचारते, साखर किती घेता. एवढंच. पुढे काही नाही, प्रकरण संपलं.

ज्याला त्याला हेच प्रकरण आवडतं. रोझलिन यांचं आज पत्र आलं, त्यातही हेच. लिहितात: “तुमची माणसं भ्यायली की ओरडत नाहीत, अदबीनं बोलायला लागतात. हे तुम्हाला कुठे सापडलं? दुसऱ्या पुस्तकातही मला हीच शांतता हवी. फेब्रुवारीपर्यंत द्याल का?”

खरं सांगायचं तर कुठे सापडलं ते मलाही माहीत नाही. हे पुस्तक छापून आल्यावर मी चार वेळा वाचलं आणि चारही वेळा चकित झालो. काही पानं तर मी लिहिल्याचं मला आठवतही नाही. मार्लीनला हे सांगितलं. म्हटलं, लिहिताना मी कुठल्या तरी तंद्रीत जात असलो पाहिजे.

ती बटाटे सोलत होती. म्हणाली, “असशील.”

२३ ऑक्टोबर, रविवार

चर्चमधून आल्यावर जेवायला सासूबाई. बशीत माशाचं कालवण वाढून घेताना त्यांनी सांगितलं की या हिवाळ्यात त्या फ्लोरिडाला जाणार. त्यांची बहीण लेंपी लेक वर्थला राहते. तिथे आपल्याकडची निम्मी म्हातारी माणसं आहेत, समुद्र आहे, सौना, म्हणजे आपली वाफेची खोली, तीसुद्धा आहे. मला हसू आलं. जिथे बाहेरच भट्टी पेटलेली, तिथे पैसे भरून सौनात कोण बसतं?

“पण तुझ्या नव्या पुस्तकाचं काय?” त्यांनी विचारलं.

“त्याची काळजी नको. टाइप करायला कोणीही मिळेल.”

त्यांनी चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे बराच वेळ बघितलं. “मी थांबू का या वर्षी?”

“छे, छे. तुम्ही खुशाल जा.”

“मग असं कर, वह्या मला टपालानं पाठव. मी तिथे करीन.”

मला त्यांची दया आली. आयुष्यभर काम केलेलं माणूस, रिकामं बसवत नाही. मी म्हटलं, “मुम्मू, तुम्ही उन्हात पाय पसरून बसा. नुसतं टाइपच तर करायचंय.”

मार्लीनला एकाएकी खोकला आला. पाणी प्यायला म्हणून आत गेली ती पाच मिनिटं आलीच नाही.

१२ नोव्हेंबर, शनिवार

नवा टायपिस्ट मिळाला. व्हर्नर टिक्का, सैन्यातून निवृत्त झालेला कारकून. अतिशय कडक माणूस. वहीत जे आहे ते आणि तसंच. मी एका ठिकाणी चुकून “दोन अंडी, दूध” असं बाजाराचं लिहिलं होतं. तेही त्यानं टाइप केलं, खुनाच्या मधोमध.

पुस्तक झपाट्यानं पुढे जातंय. या वेळी घर तिमजली आहे आणि तळघराखाली आणखी एक तळघर आहे.

२० जानेवारी १९८४, शुक्रवार

‘तळघराखालचं तळघर’ पूर्ण. बाहेर उणे बावीस. मार्लीनबरोबर पोस्टात जाऊन पुडकं न्यूयॉर्कला रवाना केलं. पहिल्यापेक्षा शंभर पानं जास्त, माणसं दुप्पट मरतात.

सासूबाईंचं कार्ड आलंय. पुढे संत्र्यांचं चित्र. मागे लिहिलंय: “इथे सगळे तोकडे कपडे घालून फिरतात. घरात कोण कोण आहे? त्यातली बाई दिवसभर काय करते? तिला शेजारी आहेत का?” आधी मला वाटलं त्या लेंपीच्या घराबद्दल काहीतरी विचारताहेत. मग कळलं, माझ्या पुस्तकाबद्दल. मी उत्तर पाठवलं: छापून आल्यावर वाचा, नाहीतर मजा जाईल.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

रोझलिन यांचं पत्र. चारदा वाचलं. उतरवून ठेवतो, चरित्रकारानं यातलं काय घ्यायचं ते त्यानं ठरवावं.

“प्रिय लेलंड, तुमची तब्येत बरी आहे ना? घर उत्तम आहे. तुमच्याइतकं तळघर कोणाला कळत नाही. पण या घरात राहतं कोण? एकशे बारा ते एकशे एकवीस या दहा पानांत मी मोजलं, अठ्ठावीस वेळा कोणीतरी किंचाळतं. हॅटीला लिहिणारा माणूस कुठे गेला? मला तो परत हवा आहे. मे अखेरपर्यंत थांबते. त्यापुढे मला थांबता येणार नाही. (पान दोनशे चाळीसवर दोन अंडी आणि दूध आहे, त्याचा संदर्भ लागला नाही.)”

आज तीन ठिकाणी भट्ट्या बंद पडल्या होत्या. तिन्ही ठिकाणी मी कोणाशी बोललो नाही.

मार्लीननं चॉकलेटचा डबा आणला होता. आज कोणता दिवस आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं. तिनं पत्र वाचून परत पाकिटात घातलं आणि म्हणाली, “आईला फोन कर.”

“त्यांना कशाला? त्यांना टायपिंगमधलं कळतं, साहित्यातलं काय कळणार?”

ती म्हणाली, “बरं.” तिच्या या “बरं”मागे काहीतरी असतं. काय असतं ते पंचवीस वर्षांत मला कळलेलं नाही.

२५ फेब्रुवारी, शनिवार

मार्ग सापडला, असं सकाळी वाटत होतं. भ्यायलेली माणसं अदबीनं बोलतात, हेच हवंय ना? दहा दिवस बसून सगळ्यांना अदबीनं बोलायला लावलं. मरणारे, मारणारे, सगळे. मार्लीनला एक प्रकरण वाचून दाखवलं. कुऱ्हाडवाला जिना चढून वर येतो आणि म्हणतो, “माफ करा, आपली मान जरा इकडे करता का?”

मार्लीन हसायला लागली. हसता हसता खुर्चीवरून खाली बसली. मी तिला सांगितलं की हा अत्यंत भयानक प्रसंग आहे. त्यावर तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मी लेखक उरलो नाही. एका पुस्तकापुरताच होतो बहुतेक. असे असतात म्हणे काही.

३ मार्च, शनिवार



गावच्या ग्रंथालयात स्थानिक लेखकांचं प्रदर्शन आहे. स्थानिक लेखक म्हणजे मी, आणि मशरूमवर पुस्तिका लिहिलेले एक गृहस्थ. ग्रंथपाल बाईंनी सांगितलं, काचेच्या पेटीत ठेवायला तुमच्या हस्ताक्षरातलं एक पान द्या, शक्यतो साखरेचं. सासूबाईंच्या घराची किल्ली आमच्याकडे असते. सकाळी गेलो. माझ्या जुन्या वह्या त्यांनी शिवणयंत्राखाली नीट गठ्ठा बांधून ठेवल्या होत्या. नववं प्रकरण काढलं.

त्यात साखर नाही.

माझ्या अक्षरात असं आहे: “दार उघडलं. हॅटी किंचाळली. जिन्यावरून रक्ताचा धबधबा आला. ‘नाही,’ ती किंचाळली आणि पुन्हा किंचाळली.” असं साडेतीन पानं. शेवटी छत कोसळतं. समासात लाल पेन्सिलीनं, सासूबाईंच्या सरळ, शाळेतल्यासारख्या अक्षरात लिहिलंय: “तीस वर्षांचा संसार. ही ओरडेल? का कप काढेल?”

मी जमिनीवर बसून सगळ्या वह्या चाळल्या. जवळजवळ प्रत्येक पानावर लाल पेन्सिल. “इथे कोणी बोलू नये.” “कुत्रा आधी उठेल.” “रक्त काढलं.” “रक्त काढलं.” “रक्त काढलं. एक थेंब ठेवला, बाहीवर.” एका जागी नुसतं: “हे छान. हात लावला नाही.” ते वर्णन धूर जायच्या नळीचं होतं.

ग्रंथालयाला कळवलं की पानं उंदरांनी खाल्ली.

४ मार्च, रविवार

मार्लीनला सगळं सांगितलं. ती मोजे घडी करत होती, तशीच करत राहिली.

“तुला माहीत होतं,” मी म्हटलं.

“तू वह्या स्वयंपाकघरात टाकून जायचास. मी वाचायचे. मग पुस्तक वाचलं. मला काय डोळे नाहीत?”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

तिनं मोज्यांची जोडी बाजूला ठेवली. “लेलंड, तू रोज शीळ घालत घरी यायचास. आई रोज सकाळी उठून केस नीट करून टाइपरायटरपुढे बसायची. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, माझा नवरा आणि माझी आई एकाच वेळी खुश आहेत असं मी पहिल्यांदा बघत होते. मी कशाला मध्ये पडू?”

मी म्हटलं, मी त्यांच्याशी या जन्मात बोलणार नाही.

“बरं,” मार्लीन म्हणाली.

६ मार्च, मंगळवार

फोन केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं. पलीकडून फोन उचलल्याचा आवाज आला आणि माझ्या तोंडून एक शब्द फुटेना. नुसता श्वास.

“लेलंड,” सासूबाई म्हणाल्या. “वह्या सापडल्या वाटतं.”

“हो.”

“रागावलायस?”

“हो.”

“मग फोनवर नको. फोनवर माणूस अर्धंच रागावतो. इकडे ये. आणि येताना नवं पुस्तक घेऊन ये.”

दोन आठवड्यांची कामं भावाकडे लावून उद्याच्या बसनं निघतोय. भांडायला जातोय. पुस्तक बरोबर घेतलंय ते केवळ रस्त्यात चाळायला.

११ मार्च, रविवार, लेक वर्थ

अडीच दिवसांचा बसचा प्रवास. पाठ गेली. मी लोकरी पँट घालून उतरलो आणि वितळायला लागलो.

लेंपीचं घर गुलाबी आहे. पुढच्या ओसरीवर सासूबाई बिनबाह्यांचा झगा घालून बसल्या होत्या. त्यांची कोपरं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. लेंपीनं कॉफी आणली, निसू आणला, म्हणजे वेलदोड्याचा आपला गोड पाव, आणि “तुमचं चालू द्या,” म्हणून आत गेली. खिडकी मात्र उघडी ठेवली.

रस्त्यात पाठ केलेलं सगळं मी बोललो. की हे फसवणं झालं. की गावातले लोक मला रस्त्यात थांबवून शाबासकी देतात ती तुमची आहे. की मी चार वेळा वाचलं ते पुस्तक, चार वेळा, आणि स्वतःलाच दाद दिली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “पहिल्यांदा मी एक शब्द बदलला. वाटलं, आता हा रागावेल. तू काही बोलला नाहीस. मग एक वाक्य. तरी काही नाही. म्हटलं, चालतंय याला. मग ते साखरेचं पान सबंध बदललं आणि भीत भीत तुझ्या हातात दिलं. तू वाचलंस आणि मार्लीनला म्हणालास, त्या दिवशी हाताला काय झालं होतं कोण जाणे, देवच लिहून गेला. आता मी कोणत्या तोंडानं सांगायचं?”

आत खिडकीपाशी कोणीतरी हसू दाबलं.

मला हसायचं नव्हतं. मी विचारलं, “तुम्हाला हे कुठून सुचतं? तुम्हाला तर भयकथा आवडत नाहीत.”

त्यांनी पावाचा तुकडा कॉफीत बुडवला, पण खाल्ला नाही.

“आपल्या तांब्याच्या खाणीत काही झालं की एक्सचेंजच्या बोर्डावरचे सगळे दिवे एकदम लागायचे, एक दिवा म्हणजे एक फोन. गावातल्या बायका. एकतीस वर्षांत एकही ओरडली नाही बघ. ‘तसदी देते हं, जरा खाणीच्या कचेरीला जोडून देता का? सावकाश, घाई नाही.’ घाई नाही म्हणायच्या. जितकं भय जास्त, तितका आवाज गोड. तुझ्या सासऱ्यांचं झालं त्या दिवशी मीच बोर्डावर होते. दिवे लागले, मी कचेरीची लाइन घेतली. कचेरीत एडविन असायचा. रोज सकाळी ‘काय गं आयली, आज काय शिजवलंस?’ म्हणायचा. त्या दिवशी म्हणाला, ‘नमस्कार, मिसेस पेल्कोनेन.’”

मग म्हणाल्या, “पुढचं त्यानं सांगायची गरजच राहिली नाही.”

मार्लीन तेव्हा नऊ वर्षांची होती. ही गोष्ट तिनं मला कधी सांगितलेली नाही. तिला माहीत नसेल, असं वाटतं.

मी समोरच्या झाडाकडे बघितलं. पिवळी, नारळाएवढी फळं लटकत होती. मग म्हटलं, “म्हणजे माझं त्या पुस्तकात काहीच नाही.”

“गाढवासारखं बोलू नकोस. घर कोणाचं आहे? वारा कुठल्या नळीतून येतो, कोणती पायरी पोकळ, भट्टी पेटायच्या आधी कसा आवाज करते, हे मला माहीत होतं? तू घर बांधलंस. मी त्यात माणसं राहायला पाठवली.” मग जरा खालच्या आवाजात, “आणि मला सुरुवात करता येत नाही. नोकरी सुटली त्या वर्षी मी एक वही आणली होती, गोष्टी लिहीन म्हणून. बावीस वर्षं झाली. तिच्यात फक्त तारीख आहे. कोरा कागद बघितला की मला घाम फुटतो. तू काहीतरी वेडंवाकडं लिहून आणतोस, तेव्हा कुठे मला दिसतं की हे असं नाही, तसं आहे.”

“वेडंवाकडं?”

“फारच,” त्या म्हणाल्या. “आण बघू ते पुस्तक इकडे.”

पिशवी माझ्या पायाशी होती. भांडण तिथेच संपलं. कोण जिंकलं ते मला सांगता येणार नाही.

१४ मार्च, बुधवार, लेक वर्थ

सकाळी सातपासून ओसरीवर काम. सहाशे पानांतली अडीचशे गेली. मेलेली अकरा माणसं त्यांनी जिवंत केली.

“इतक्या माणसांसाठी मला रडता येत नाही,” म्हणाल्या. “एकच मरू दे. पण ते माणूस मला आवडलं पाहिजे.”

कुऱ्हाडवाल्यावरून तासभर वाद. मी म्हटलं, त्याला ठेवायचाच. शेवटी ठेवला, पण कुऱ्हाड काढून घेतली. आता तो शेजारी आहे आणि वर्षापूर्वी नेलेली शिडी परत करायला येतो. इतकंच करतो. पण शिडी ज्या घरातून नेली होती असं तो म्हणतो, त्या घरात शिडी कधी नव्हतीच. हे मला सुचलं. मी बोललो आणि सासूबाईंनी लाल पेन्सिल खाली ठेवली.

“हे तुझं?”

“हो.”

“माझ्या अंगावर काटा आला,” म्हणाल्या आणि कोपर पुढे करून दाखवलं. खरंच आला होता.

पहिल्या पुस्तकाचं कौतुक झालं तेव्हासुद्धा मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

२ एप्रिल, सोमवार, हॅनकॉक

रोझलिन यांना फोन करून सगळं खरं सांगितलं. मार्लीन शेजारी उभी होती म्हणून पळता आलं नाही.

“म्हणजे हॅटीचं पान तुमचं नव्हे?”

“नाही. सासूबाईंचं.”

 मला वाटलं, संपलं.

“वय काय त्यांचं?”

“एकाहत्तर.”

“तब्येत?”

“माझ्यापेक्षा बरी.”

“मग वर्षाला दोन पुस्तकं जमतील का?” रोझलिन म्हणाल्या. “आणि मुखपृष्ठावर दोघांची नावं घालू. त्यांचं आधी.”

त्यांचं आधी, हे ऐकून आत कुठेतरी टोचलं. खोटं कशाला लिहू. संध्याकाळपर्यंत टोचत होतं. मग लेक वर्थला फोन करून सांगितलं, तर सासूबाईच नको म्हणाल्या. “माझं नाव? चर्चच्या महिला मंडळाची कॉफी मी सांभाळते. त्या बायका काय म्हणतील?”

२१ मे, सोमवार

सासूबाई परत आल्या, रंग पार तांबूस झालाय. पुस्तक परवा पाठवलं. दोनशे नव्वद पानं. किंचाळ्या शून्य. सासूबाईंच्या नावाचं अजून ठरत नाही. रोझलिन म्हणतात, १८ जूनला छापायला जातं, त्याआधी सांगा.

मी सासूबाईंना आग्रह केला नाही. आधी करणार होतो. पण मग वाटलं, आपलं नाव छापून यायला हवं असं वाटणं वेगळं आणि ते वाटतंय हे चारचौघांत दिसणं वेगळं. मला कधी दुसऱ्या गोष्टीची भीती वाटली नाही. त्यांना वाटते.

१७ जून, रविवार

प्रार्थना झाल्यावर नेहमीप्रमाणे चर्चच्या तळमजल्यावर कॉफी. चाळीस-एक माणसं. मी पावाच्या टेबलापाशी उभा होतो. सासूबाई किटली घेऊन सगळ्यांना ओतत फिरत होत्या. मध्येच थांबल्या, किटली पाद्रीबाईंच्या, म्हणजे पाद्र्यांच्या पत्नीच्या टेबलावर ठेवली आणि मोठ्यानं म्हणाल्या:

“लेलंडच्या पुस्तकातला निम्मा भाग मी लिहिला आहे. पुढच्यातलाही. त्यावर माझं नाव येणार आहे. कोणाला माझ्या हातची कॉफी नको असेल तर आत्ताच सांगा.”

चमचे थांबले. कोणी कोणाकडे बघेना. मार्लीननं माझा हात धरला.

मग पाद्रीबाई म्हणाल्या, “आयली, निम्मा म्हणजे कोणता?”

“तुम्ही वाचलंय?”

“मी नाही,” पाद्रीबाई म्हणाल्या. “म्हणजे, एकदाच.”

“मी आपलं चाळलं,” ओयाला बाई म्हणाल्या.

“आमच्याकडे कोणीतरी विसरून गेलं होतं,” तिसऱ्या एक बाई म्हणाल्या. कोपऱ्यातून व्हर्नर टिक्कानं कळवलं की त्यानं पुस्तक दोनदा वाचलं आहे आणि शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत. मग सगळेच एकदम बोलायला लागले. महिला मंडळाच्या चौदाही बायकांनी ते वाचलेलं निघालं. बहुतेकींनी एकमेकींपासून लपवून, आणि निम्म्यांनी पाद्रीबाईंचीच प्रत. एका आजीबाईंना एवढंच जाणून घ्यायचं होतं की पुढच्यात कोण मरतं. सासूबाई म्हणाल्या, विकत घ्या.

त्यांनी किटली उचलली आणि राहिलेल्या कपांत कॉफी ओतली. सगळ्यांनी घेतली. दोघींनी पुन्हा मागितली.

घरी येताना मार्लीन गाडी चालवत होती, सासूबाई पुढे, मी मागे. पुलावर गाड्या थांबल्या होत्या. खालून बोट जायची होती म्हणून पुलाचा मधला भाग वर उचलला होता.  सासूबाईंनी पाकिटातून रुमाल काढून नाक पुसलं.

“हं,” म्हणाल्या. “तिसऱ्याचं काय?”

“अजून काही नाही डोक्यात.”

“काहीही सांग. वेडंवाकडं सांग.”

मी खिडकीतून पाण्याकडे बघितलं. “एक बाई आहे. पुलाजवळ राहते. एका सकाळी दार वाजतं आणि ती दार उघडते.”

“ती नाही उघडणार,” सासूबाई म्हणाल्या.

“का?”

“हाताला पीठ लागलेलं असेल.”

पूल खाली आला, पुढच्या गाड्या हलल्या. मार्लीननं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि गाडी सुरू केली. मी पुढे सरकून दोघींच्या मध्ये डोकं घातलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.